सासऱ्यांशी चौऱ्याण्णव टक्के

पत्र आलं तेव्हा मी एका रिटायर्ड हेडमास्तरांच्या खालच्या कवळीला पॉलिश करत होतो. मी कवळ्या बनवतो. बार्शीत, पोस्टाच्या मागच्या गल्लीत माझी लॅब आहे. दात आता मशीनच छापतं, पण ते तोंडात बसतील असे घासायला अजून माणूस लागतो.

हात पुसून मी पत्र वाचलं.

'श्री. उल्हास हावळे यांस. आपला जोडीदार व्हिसाचा अर्ज तपासण्यात आला. आपले नाते खरे, सखोल व परस्परपूरक असल्याचे सिद्ध झाले आहे. मेळ : चौऱ्याण्णव टक्के. हार्दिक अभिनंदन. तथापि आपले जोडीदार श्री. बाळकृष्ण रंगनाथ गव्हाणे हे आपल्यासमवेत बार्शी येथेच वास्तव्यास असल्याने आपणांस व्हिसाची आवश्यकता नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. उभयतांस शुभेच्छा.'

बाळकृष्ण रंगनाथ गव्हाणे म्हणजे माझे सासरे.

माझी बायको वैजयंती एकोणीस महिन्यांपासून त्या देशात आहे. देशाचं नाव लिहीत नाही, कारण अर्जाच्या एकोणचाळिसाव्या अटीप्रमाणे ते चारचौघांत घ्यायची मला बंदी आहे. थंडी खूप आणि माणसं कमी, एवढं सांगितलं तर चालतं. तिथं समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्यांवर चढून वैजू त्यांची दुरुस्ती करते. जाताना म्हणाली होती, "व्हिसा होईपर्यंत अण्णांजवळ राहा. आई गेल्यापासून ते एकटेच आहेत." म्हणून मी बॅग घेऊन सासऱ्यांच्या घरी राहायला गेलो. चार महिन्यांचा प्रश्न होता.

अण्णा बसस्टँडवर कंट्रोलर होते. तीस वर्षं खिडकीत बसून गाड्यांच्या वेळा पुकारल्या. आता गाड्या आपल्या आपण चालतात, स्वतःची वेळ स्वतःच पुकारतात, त्यामुळे अण्णांचा आवाज रिकामा झाला होता. तो माझ्या वाट्याला आला. "उल्हासराव, भात अकरा मिनिटं लेट आहे." "उल्हासराव, तुम्ही आंघोळीला गेलात ती वेळ आणि आलात ती वेळ यात पंढरपूरला जाऊन येईल माणूस." त्यांच्या तोंडातली कवळी मीच बनवलेली आहे. म्हणजे ते मला जे काही बोलतात ते माझ्याच दातांनी बोलतात, आणि आधी ते बोबडे बोलायचे म्हणे. चूक माझीच.

आता मेळ म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळं रामायण त्यावर आहे.

आपलं हृदय घड्याळासारखं एकसारखं चालत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सतत बारीक बारीक बदलत असतं. श्वास घेतला की कमी होतं, सोडला की वाढतं, दचकलो की भलतंच होतं. दोन माणसं शेजारी बसून बराच वेळ बोलली तर त्यांच्या या चढउतारांची चाल जुळायला लागते, हे डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत होतं. पण नुसतं जुळणं म्हणजे काही प्रेम नाही. भजनी मंडळाचंही जुळतं.

मग एका बाईंनी प्रयोग करता करता वेगळीच गोष्ट पकडली. ज्या माणसाला आपण आतून ओळखायला लागतो, त्याच्या बाबतीत आपलं शरीर त्याच्या पुढे धावतं. तो हसायच्या अर्धा सेकंद आधी आपला श्वास बदलतो. तो चिडायच्या अर्धा सेकंद आधी आपले ठोके सावध होतात. आपल्याला पत्ताही नसतो. मनाला कळायच्या आत शरीरानं त्या माणसाची तयारी केलेली असते. फोनवरही हे होतं, फक्त आवाज पोचायला लागणारा वेळ वजा करायचा. बाईंनी हजारो माणसं तपासली. नाटक करणाऱ्यांना हे जमत नाही, कारण जे आपल्याला माहीतच नाही त्याचं नाटक करणार कसं?

विज्ञानाला वाटलं, केवढा मोठा शोध. व्हिसा खात्याला वाटलं, चला, लग्नाचे फोटो तपासायची कटकट मिटली. त्यांनी नियमच केला. छातीवर बोटभर पट्टी चिकटवायची, चाळीस दिवस ठेवायची. जोडीदाराशी मेळ साठच्या वर आला तर व्हिसा. आणि लबाडी नको म्हणून पुढचं कलम : अर्जात नाव कुणाचंही असो, चाळीस दिवसांत ज्याच्याशी मेळ सगळ्यात जास्त, तोच खरा जोडीदार.

वैजूला तिची पट्टी तिकडे मिळाली. मला आलेल्या खोक्यात दोन होत्या. एक मला लावायला, दुसरी राखीव. राखीव पट्टीच्या पाकिटावर नऊ भाषांत लिहिलं होतं, 'गरज पडल्याशिवाय उघडू नये.'

अण्णांनी ते मराठीत नीट वाचलं आणि उघडलं.

"अहो अण्णा, ती राखीव आहे."

"मग? फुकट आलीय ना? तारीख उलटून गेली की फेकूनच देणार. माझं बीपी तरी कळेल."

"त्यानं बीपी कळत नाही."

"तुम्हाला कळत नसेल."

पट्टीनं फोनवरून विचारलं, नाव काय? अण्णांनी वडिलांच्या नावासकट सांगितलं. राहता कुठं? पिनकोडसकट सांगितलं. अर्जदाराला किती दिवसांपासून ओळखता? "पुरेशा," म्हणाले. एवढ्या वर्षांनी कुणीतरी त्यांना सरकारी प्रश्न विचारत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की मी गप्प बसलो.

तर त्याचं हे पत्र.

मी घरी जाऊन ते अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा ऐकलं. मग चष्मा लावून स्वतः वाचलं. कान लाल झाले होते.

"पोरीचा किती आलाय?"

"सत्तावन्न."

"आणि माझा चौऱ्याण्णव?" त्यांनी पत्राची घडी घातली. "मशीन बिघडलंय. मला तर तुम्ही आवडतसुद्धा नाही."

"मलाही तुम्ही नाही आवडत, अण्णा."

"मग झालं तर. लिहून कळवा तसं."

ते काय कळवणार? दोन तासांत बार्शीभर झालं होतं. आमचे शेजारी कुंभारकाका फाटकातूनच ओरडले, "काय जोडी जमलीय! पेढे कधी?" अण्णांनी आठ दिवस त्यांच्याशी बोलायचं बंद केलं आणि त्या आठ दिवसांचं सगळं बोलणं मला ऐकवलं.

वैजूला मी फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी खूप हसली. मग हसू थांबलं. "उल्हास, माझ्या करारात जोडीदाराला या वर्षअखेरपर्यंतच आणता येतं. त्यानंतर तीन वर्षं अर्जच करता येणार नाही. तीन वर्षं, अरे." मागे वारा घोंगावत होता. "मला आणखी तीन वर्षं फोनमधला नवरा नकोय."

मलाही फोनमधली बायको नको होती. मी त्याच दिवशी अपील केलं.

अपिलाच्या आधी त्यांनी आमचे चाळीस दिवसांचे आलेख पाठवले. अण्णा म्हणाले, "लावा मोठ्या पडद्यावर. बघू तरी काय पुरावा आहे." संध्याकाळी आम्ही दोघं भिंतीसमोर खुर्च्या टाकून बसलो.

दोन रेषा होत्या. माझी निळी, त्यांची केशरी. सुरुवातीला काहीच कळेना. नुसते डोंगर आणि दऱ्या. मग मी एक सकाळ मोठी करून बघितली. सहा वाजायला पाच मिनिटं कमी असताना केशरी रेषा उसळली होती. ती अण्णांची खाकरण्याची वेळ. आणि तिच्या बरोबर अर्धा सेकंद आधी माझी निळी रेषा उठली होती. मी झोपेत होतो.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. अण्णा भाताला नावं ठेवायच्या आधी माझी रेषा सावरून बसलेली. मी उलट उत्तर द्यायच्या आधी त्यांची. कोण कुणाच्या पुढे धावतंय ते कळेना. दोन रेषा एकमेकींना वाट करून देत चालल्या होत्या, अरुंद बोळात समोरून ओळखीचं माणूस यावं आणि दोघांनी न बोलता आपापली बाजू धरावी तशा.

"हे कधीचं?" अण्णांनी बोट दाखवलं.

तेविसावा दिवस. दुपारची अकरा मिनिटं. दोन्ही रेषा खाली, संथ, जवळजवळ एकच रेघ.

मी तारीख बघितली. सासूबाईंचं श्राद्ध होतं त्या दिवशी. गुरुजी जेवून गेले, पाहुणे गेले, आणि आम्ही दोघं ओसरीत बसून पत्रावळी गोळा करायचं सोडून रस्त्याकडे बघत राहिलो होतो. कुणी काही बोललं नव्हतं. मला वाटलं होतं, मी कंटाळलोय.

त्या अकरा मिनिटांत माझ्या छातीत काय चाललं होतं, ते मला माहीत नव्हतं. दाखवायला मशीन लागलं. मी आयुष्यभर लोकांच्या तोंडात डोकावलोय, माणूस म्हणजे हाडं, हिरड्या आणि तक्रारी असं माझं मत होतं. आणि इथं भिंतीवर, आमच्या कुणाच्याही परवानगीशिवाय, दोन खडूस माणसांनी एकमेकांना सांभाळलेलं दिसत होतं. आकाशगंगेचा फोटो बघताना होतं तसं मला झालं. एवढं मोठं काहीतरी चाललेलं असतं, आणि आपण भात का लागला यावर भांडतो.

अण्णा म्हणाले, "गाड्यांचं असं वेळापत्रक मी तीस वर्षांत बघितलं नाही."

अपिलाची सुनावणी मंगळवारी दुपारी चारला होती. अण्णांचा अडथळा नको म्हणून त्यांना घराबाहेर राहायचं होतं. ते पट्टी काढून डबीत ठेवून, स्वच्छ शर्ट घालून बसस्टँडवर जाऊन बसले.

पडद्यावर एका बाजूला अधिकारी बाई, दुसऱ्या बाजूला वैजू. तिच्या मागे राखाडी समुद्र. बाईंचं बोलणं यंत्र मराठीत करून देत होतं, आणि त्या यंत्राला मराठी कुणीतरी शासकीय परिपत्रकं वाचायला देऊन शिकवली असावी.

"उभयतांनी चाळीस मिनिटे स्वाभाविक संभाषण करावे," यंत्र म्हणालं. "किमान साठ टक्के अनिवार्य."

कोपऱ्यात आकडा दिसत होता. छप्पन्न.

"काय म्हणतोस?" वैजू म्हणाली.

"काही नाही. तू?"

"बरंय." पाच सेकंद गेले. "अण्णांनी गोळी घेतली?"

"घेतली."

"गुडघा?"

"कमी आहे."

पंचावन्न. आम्ही एकमेकांकडे बघितलं. एकोणीस महिने आमचे फोन स्पीकरवर व्हायचे. पहिली वीस मिनिटं अण्णा बोलायचे, मग आम्ही दोघं अण्णांबद्दल बोलायचो, मग वैजूची बोट सुटायची. अण्णांना वजा केल्यावर काय बोलायचं ते आम्हाला आठवेना.

"तुझ्याकडे थंडी?"

"आहे."

त्रेपन्न.

"अर्जदारांनी हवामानाविषयी बोलू नये," यंत्र म्हणालं. "ते कुणाशीही बोलता येते."

वैजूचं नाक लाल व्हायला लागलं. "तू अर्ज भरायलाच सात महिने लावलेस," ती म्हणाली.

"तुझी सही यायला चार महिने लागले."

"मी समुद्रावर होते!"

"दर वेळी समुद्र! समुद्रावर काय..."

"'समुद्रावर काय पेन मिळत नाही का' म्हण! म्हण ना! हेच म्हणणार होतास ना?"

"आणि आता तू म्हणणार, 'तुला यायचंच नाहीये.'"

"नाहीचये तुला यायचं! तिथं मजेत आहेस तू अण्णांबरोबर! मी काय, एकशे दहा मीटरवर लटकतेय, खाली येते, हेल्मेट काढते, आणि..."

"आणि आधी दोन्ही कान चोळतेस."

ती थांबली. "तुला काय माहीत?"

"उंचावरून उतरलीस की चोळतेसच. डोंगरावरून उतरल्यावर, पाण्याच्या टाकीवरून उतरल्यावर. माझ्यासमोर कुणी कान चोळले ना वैजू, की मला काम सोडून उठावंसं वाटतं. परवा त्या हेडमास्तरांनी चोळले. मी त्यांना पाणी नेऊन दिलं, त्यांनी मागितलं नसताना."

तिचा हात नकळत कानाकडे गेला होता. माझा श्वास त्याच्या आधीच अडकला होता, हे मला या वेळी कळलं.

"उभयतांचे लक्ष वेधण्यात येते," यंत्र म्हणालं.

आकडा अठ्ठ्याऐंशी होता. कधी चढला, आम्ही बघितलंच नव्हतं. अधिकारी बाई हातरुमालानं डोळे पुसत होत्या.

"व्हिसा मंजूर," यंत्र म्हणालं. "तथापि."

सरकारी 'तथापि' काय असतो ते मला आता चांगलं माहीत झालं होतं.

"ज्या दोन व्यक्तींचा मेळ नव्वदच्या वर आहे, त्यांना आमचे शासन दुसऱ्या व्यक्तीच्या खऱ्या संमतीविना विलग करीत नाही. श्री. गव्हाणे यांची संमती आवश्यक आहे."

कारण अधिकारी बाईंनी समजावून सांगितलं. सुरुवातीच्या वर्षांत बरेच लोक व्हिसा घेऊन गेले आणि त्यांच्या मागे राहिलेली माणसं आजारी पडली. रोग सापडेना. मग कळलं की त्यांचं शरीर रोज ठरल्या वेळी, ठरल्या आवाजाची अर्धा सेकंद आधी तयारी करायचं, आणि तो आवाज यायचाच नाही. दिवसातून शेकडो वेळा. ज्यांनी आधी खरं बोलून निरोप घेतला होता, त्यांना मात्र हे सोसलं. का, ते विज्ञानाला अजून कळलेलं नाही. तोवर त्यांनी त्याचा एक फॉर्म केला आहे.

मी रिक्षा करून अण्णांना स्टँडवरून घेऊन आलो. बाईंनी त्यांना आधी दुसरा मार्ग सांगितला. आईवडिलांना त्या देशात कायमचं राहता येत नाही, पण श्री. गव्हाणे हे अर्जदाराचे सिद्ध जोडीदार असल्यानं त्या नात्यानं त्यांनाही व्हिसा मिळू शकेल.

"म्हणजे मी जावयाची बायको म्हणून परदेशी जाऊ?" अण्णा म्हणाले. "माझा इथं स्टँड आहे, माझं घर आहे. आणा तो फॉर्म. कुठं सही करायची?"

सही नव्हती. पट्टी लावून कॅमेऱ्यासमोर बोलायचं होतं. खरं असेल तर हिरवा दिवा, खोटं असेल तर लाल. वैजू पडद्यावरून बघत होती. मी अण्णांच्या शेजारी बसलो.

अण्णांनी घसा साफ केला. खिडकीत बसायचे तशी पाठ सरळ केली. "मी बाळकृष्ण रंगनाथ गव्हाणे. जावईबापूंनी खुशाल जावं. मला काही फरक पडत नाही."

लाल.

"बिघडलंय," अण्णा म्हणाले. "पुन्हा घ्या. त्यांनी जावं. मी आधीही एकटाच होतो. मला सवय आहे."

लाल.

"घरातली कटकट जाईल. मला आनंदच होईल."

दिवा लाल तर झालाच, वर बारीक शिटीही वाजली. बाई म्हणाल्या की तशी सोय यंत्रात आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"अण्णा," वैजू म्हणाली, "खरं बोला ना."

"खरंच बोलतोय मी! तीस वर्षं सरकारी नोकरीत होतो, खोटं..." लाल. अण्णा वैतागले. पट्टी ओढून काढायला हात छातीशी नेला आणि तिथंच ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत बोलले. आवाज अगदी लहान झाला होता, मी तो कधी ऐकला नव्हता.

"मी सकाळी खाकरतो ना, ते घशासाठी नाही. हे उठलेत का ते कळायला. आतून कूस बदलल्याचा आवाज आला की मग मी चूल पेटवतो." थांबले. "हे गेल्यावरही मी खाकरणार. आतून काही येणार नाही. ते मला जड जाईल. फार जड जाईल."

दिव्याचा रंग जरा हलला. हिरवा झाला नाही.

"पण पोरगी तिकडं एकटी आहे," अण्णा म्हणाले. "माझ्यापेक्षा तिला यांची गरज जास्त आहे. फरक पडतो मला. तरी यांनी जावं, असं मला मनापासून वाटतं. दोन्ही खरं आहे. आता तुमच्या मशीनला काय करायचं ते करू दे."

दिवा हिरवा झाला.

समुद्रावरचा वारा तेवढा पडद्यातून येत होता. वैजू दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती.

"संमती वैध," यंत्र म्हणालं. "अर्जदारास काही निवेदन करावयाचे आहे काय?"

मला करायचं होतं. मी अण्णांकडे वळलो, श्वास घेतला, आणि अजून एक शब्दही उच्चारला नव्हता, तोच अण्णांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"कळलं," ते म्हणाले.